माईकशिवायचा आवाज आणि दाराबाहेरची माणसं

(सोलापुरात झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता मॅरियन अँडरसन. अमेरिकेतल्या काळ्या गायिका, ऑपेरातल्या. वर्णद्वेषावर त्यांनी कशी मात केली, ते सांगा म्हणाले. मी हो म्हटलं, आणि तयारीला बसलो तर माझं बोट सारखं नकाशावर सोलापूरकडेच यायला लागलं. तेव्हा आज मी सुरुवात अमेरिकेत करणार आहे आणि शेवट पंढरपुरात. मधे थोडा वेळ तुम्हाला अवघडल्यासारखं वाटेल. मलाही तयारी करताना वाटलं.

आधी अँडरसनबाई. जन्म १८९७, फिलाडेल्फिया. चर्चमध्ये गाणारी मुलगी. गाण्याच्या शाळेत प्रवेश मागायला गेली तर कातडीचा रंग बघून दारातूनच परत पाठवलं. मग खासगी शिकवण्या, मग युरोप. १९३५ साली साल्झबर्गला तोस्कानिनींसारख्या संगीतकारानं त्यांचं गाणं ऐकलं आणि असा आवाज शंभर वर्षांत एकदाच कानावर येतो, असं म्हटलं. एवढं नाव घेऊन बाई मायदेशी परतल्या. १९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलमध्ये त्यांच्या कार्यक्रमासाठी जागा मागितली, तर हॉलच्या मालकीण संस्थेनं नकार दिला. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट त्या संस्थेच्या सभासद होत्या, त्यांनी राजीनामा दिला. आणि ९ एप्रिल १९३९ला, ईस्टरच्या रविवारी, लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून मॅरियन अँडरसन गायल्या. समोर पंचाहत्तर हजार माणसं.

ही गोष्ट सगळीकडे इथंच संपवतात. टाळ्या, पडदा. मला त्याच्या पुढचं सांगायचंय. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्यांना पहिली भूमिका कधी मिळाली? ७ जानेवारी १९५५. वय सत्तावन्न. त्या रंगमंचावर भूमिका करणारी पहिली काळी कलावंत. आणि भूमिका कोणती? व्हर्दीच्या ऑपेरातली उल्रिका. भविष्य सांगणारी बाई. संहितेतच ती काळ्या वंशाची आहे, आणि त्या वंशाबद्दल एक न्यायाधीश तिथं अत्यंत घाण बोलतो. म्हणजे दार उघडलं. पण आवाजाची ऐन उमेदीची वर्षं सरल्यावर उघडलं, आणि आत बोलावून जागा दिली ती 'तुमची जी जागा आहे' तीच.

म्हणून 'मात केली' हा शब्द मला खटकतो. मात केली म्हटलं की सगळं लक्ष गाणाऱ्या बाईकडे जातं. हॉलची किल्ली ज्यांच्या कमरेला होती, ते सुटतात. आपण तिच्या धैर्याचं कौतुक करत बसतो आणि ते धैर्य तिला का लागावं, हे विचारायचं राहून जातं.

आता आपल्याकडे येतो.

ऑपेरा म्हणजे काय? गाऊन केलेलं नाटक. आपल्याकडे हा शब्द काढला की लगेच संगीत नाटक आठवतं. अण्णासाहेब किर्लोस्कर, बालगंधर्व. बरोबरच आहे. पण गाऊन केलेलं आणखी एक नाटक या मातीत होतं आणि आहे. गण, गवळण, बतावणी, वग. तमाशा. त्याचं नाव या यादीत आपल्या तोंडी सहसा येत नाही. ते का येत नाही, हाच आजचा माझा विषय आहे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. जन्म जुलै १९३५, पंढरपूर. होय, आपल्याच जिल्ह्यात. नारायणगाव पुणे जिल्ह्यातलं, तमाशाचं माहेर. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा तो प्रसिद्ध फड. मुलगी पंढरपुरात जन्मली, नाव विठा. विठ्ठलाच्या गावात विठ्ठलाचं नाव मिळालं.

आता जरा हिशोब करा. साने गुरुजींनी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केलं ते १ ते १० मे १९४७. त्यानंतर ते दार अस्पृश्यांना उघडलं. विठाबाई तेव्हा बारा वर्षांच्याही झाल्या नव्हत्या. म्हणजे ज्या देवाचं नाव या मुलीला दिलं होतं, त्या देवाच्या दारातून आत जायला तिच्या समाजाला तिच्या जन्मानंतर जवळजवळ बारा वर्षं थांबावं लागलं. तीही एका म्हाताऱ्या व्यवस्थेनं आपणहून दिलेली नव्हती. एका माणसानं अन्न सोडलं तेव्हा मिळाली.

आणि नाव बघा. फडाच्या बोर्डावर 'मांग' लिहिलेलं असायचं. ते लपवलं नाही. मी लहानपणी जत्रेतल्या तमाशाच्या कनातीबाहेर तसला बोर्ड वाचला होता, आणि घरी येऊन मोठ्यानं तो शब्द उच्चारला तर आई म्हणाली, हळू बोल. आमच्या घरातून तमाशाला कुणी जात नसे. पण जत्रा आमच्या गच्चीपासून लांब नव्हती. रात्री वडील गच्चीवर गादी टाकून पडायचे आणि दोन-दोन वाजेपर्यंत जागे असायचे. उकडतंय म्हणायचे. माघ महिन्यात.

(हशा)

हसा, पण आमच्या घरानं काय केलं ते लक्षात घ्या. आवाज घेतला, माणूस घेतला नाही. तिकिटही काढलं नाही.

आता थोडं निव्वळ आवाजाबद्दल बोलू. गाण्यावर बोलायला आलोय आणि नुसतं समाजशास्त्र सांगून गेलो तर तुम्ही म्हणाल, पैसे परत द्या.

ऑपेराचा आवाज कशासाठी घडवलेला असतो? समोर भलामोठा वाद्यवृंद, मागे शेवटच्या रांगेपर्यंत माणसं, आणि हातात माईक नाही. त्या वाद्यवृंदाच्या वरून आवाज पलीकडे पोचला पाहिजे. त्यासाठी श्वास, छाती, कवटीतल्या पोकळ्या, सगळं वर्षानुवर्षं तयार करतात. आपण त्याला साधना म्हणतो, आणि ती आहेच.

तमाशाचा आवाज कशासाठी घडला? उघडं मैदान. ढोलकी, हलगी, कडं, तुणतुणं, एवढं सगळं शेजारी वाजतंय. समोर हजारो माणसं, त्यातली निम्मी बोलतायत, पोरं रडतायत, पलीकडे पाळणा फिरतोय. माईक खेड्यापाड्यांत पोचण्याआधी हा आवाज घडला. नंतर माईक आला, पण घडण तीच राहिली. पट्टी उंच, गळा मोकळा, शब्द ठोकून बसवलेला. मागे झीलकरी ओळीचं टोक उचलून धरतात, कारण गाणारीला नाचायचंही असतं, श्वास पुन्हा भरायचा असतो. ती झील म्हणजे नुसती साथ नाही, श्वासाची वाटणी आहे ती. एका बाईला रात्रभर पुरेल एवढा दम एका छातीत मावत नाही, म्हणून चार गळ्यांत वाटून ठेवलेला.

म्हणजे गरज एकच, मोठ्या जागेत माईकशिवाय पोचणं. उत्तरं दोन. एका उत्तराला आपण साधना म्हणतो. दुसऱ्याला काय म्हणतो? ओरडणं. 'तमासगिरी आवाज' हा आपल्याकडे शेरा आहे. गाण्याच्या क्लासमध्ये मुलीनं गळा मोकळा सोडला की बाई म्हणतात, असं नको, ते तमाशातल्यासारखं वाटतं. मला सांगा, हा शेरा कानानं दिलाय का? कान असता तर त्यानं सूर कुठं लागला ते ऐकलं असतं. हा शेरा वस्ती बघून दिलेला आहे.

भाषेतही बघा. लताबाई गायल्या. किशोरीताई गायल्या. आणि विठा? विठा नाचली. एकेरी, आणि गाणं गायब. 'त्या' आणि 'ती' यांच्यामधलं अंतर मोजायला दुसरी कुठली पट्टी लागत नाही.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. वीस-एक वर्षांपूर्वी मी विठाबाईंवर एक लेख लिहिला होता. त्यात काय लिहिलं असेल? तुम्हाला सगळ्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट. नऊ महिन्यांच्या गरोदर असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्या, मागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि लुगडं बांधून पुन्हा बोर्डावर आल्या. प्रेक्षकांना कळलं तेव्हा त्यांनी हात जोडून खेळ थांबवायला सांगितला. लेख छापून आला, लोकांची पत्रं आली, डोळ्यांत पाणी आलं वगैरे. मला फार बरं वाटलं.

मागच्या महिन्यात तो लेख पुन्हा काढून वाचला. अख्ख्या लेखात त्यांच्या गाण्याबद्दल एक वाक्य नाही. एकही नाही. समीक्षक म्हणवणाऱ्या माणसानं एका गायिकेवर लिहिलं, आणि तिच्या शरीराचे हाल सांगून थांबला. लिंकन स्मारकाच्या गोष्टीत मी जे दुसऱ्यांच्या नावानं बोललो, तेच मी स्वतः केलं होतं. सोसणं सांगितलं आणि गाणं विसरलो. वरच्या जातीच्या वाचकाला सोसण्याच्या गोष्टी फार आवडतात. त्या वाचून रडता येतं, आणि रडलं की काही करावं लागत नाही.

बाईंना राष्ट्रपतींचा पुरस्कार १९५७ साली मिळाला, पुन्हा १९९०मध्ये मिळाला. गंमत अशी की १९५७ सालीच मॅरियन अँडरसन भारतात आल्या होत्या, दौऱ्यावर, आपल्या देशाच्या वतीनं. ज्या देशाच्या राजधानीत त्यांना हॉल मिळाला नव्हता, त्या देशाच्या सद्भावना-गायिका म्हणून. दोघी एकाच वर्षी एकाच देशात गात होत्या. दोघींच्याही हातात सरकारी सन्मान. पुढे विठाबाई १५ जानेवारी २००२ला गेल्या, तेव्हा शेवटच्या आजारपणात पैशाची ओढाताण होती. आता त्यांच्या नावानं राज्य सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. चांगली गोष्ट आहे. पण त्यांचं ऐन भरातलं गाणं तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. ...तीन. चार. एवढ्या भरलेल्या सभागृहात चार.

आणि लावणी तर आपण सगळ्यांनी ऐकलीय. कुणाच्या आवाजात? सुलोचना चव्हाण, उषा मंगेशकर, आशा भोसले. मोठ्या गायिका, वादच नाही. सुलोचनाबाई डोक्यावर पदर घेऊन लावणी गायच्या आणि ऐकणाराचा जीव घ्यायच्या. पण सिनेमा तमाशावर निघाला, 'सांगत्ये ऐका' १९५९मध्ये, 'पिंजरा' १९७२मध्ये, तेव्हा गोष्ट फडाची घेतली, ढोलकी फडाची घेतली, आणि आवाज? 'पिंजरा'तल्या त्या लावण्या उषाताईंच्या आहेत. तमाशातल्या काही बायका रेकॉर्डवर आल्या, नाही असं नाही. वाईच्या यमुनाबाईंना सन्मान मिळाले, पद्मश्री २०१२मध्ये मिळाली. तेव्हा त्या शहाण्णव वर्षांच्या होत्या. पुन्हा तेच. दार उघडलं, पण केव्हा?

इथं एक आक्षेप येणार, आणि तो मी टाळणार नाही, कारण तो सगळ्यात वजनदार आहे. तमाशाला एवढं डोक्यावर घेऊ नका, असं दलित चळवळीतूनच सांगितलं गेलंय. पठ्ठे बापूराव म्हणजे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण माणूस, तमाशात आला, पवळाबाईंबरोबर फड गाजवला. बापूरावांनी खेळाचे पैसे बाबासाहेबांच्या कार्यासाठी देऊ केले, आणि बाबासाहेबांनी ते नाकारले. आमच्या समाजाच्या बायका नाचवून मिळवलेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. इतिहासकार शैलजा पाईक यांनी तर आपल्या पुस्तकात दाखवलंय की 'अश्लील' हा शिक्का आणि जात यांची वीण किती घट्ट आहे. कला म्हणून गौरव करायचा आणि त्या बायकांना त्याच जागी जखडून ठेवायचं, हे एकाच हातानं होऊ शकतं.

मग मी काय म्हणतोय? मी तमाशा पवित्र करा म्हणत नाही. बाबासाहेबांचा नकार मला पूर्ण पटतो. तो नकार कुणाला होता, ते मात्र नीट बघा. गाणाऱ्या बाईला तो नव्हता, तिच्याकडून होणाऱ्या वसुलीला होता. आपण नेमकं उलटं केलं. गाणाऱ्या बाईला नकार दिला आणि वसुली चालू ठेवली. गच्चीवरून.

आता शेवटचा माणूस. हाही आपल्याच जिल्ह्याचा, मंगळवेढ्याचा. प्रल्हाद शिंदे. जन्म १९३३, निधन २३ जून २००४. आंबेडकरी घरातला माणूस, कव्वालीच्या मुकाबल्यांत तयार झालेला. भीमगीतं गायली, आणि विठ्ठलाची गाणीही गायली. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या पावलांचं ते गाणं लागल्याशिवाय आपल्याकडे आषाढी उजाडत नाही. चहाच्या टपरीवर, एसटी स्टँडवर, वारीच्या ट्रकवर, सगळीकडे तोच आवाज.

तो आवाज ऐका एकदा कान देऊन. खडा, धारदार, वरच्या पट्टीत अजिबात न थरथरणारा. भजनाची जी नेहमीची मवाळ, डोळे मिटलेली पद्धत असते, ती तिथं नाही. कव्वालीतला आवाहनाचा सूर त्यात आहे. समोरच्याला उद्देशून, मान वर करून गायलेलं. म्हणजे देवाला हाक मारतानाही ते कमरेत वाकून मारत नाहीत. मला वाटतं लोकांना तो आवाज भिडतो तो त्यामुळेच, मग त्यांना कारण सांगता येवो न येवो.

कुणी विचारेल, बौद्ध माणूस विठ्ठलाची गाणी का गातो? पोटासाठी गात असेल, असं उत्तर देता येईल, आणि त्यात कमीपणा काही नाही. गाणं हा त्यांचा धंदा होता. पण मंगळवेढ्याच्या माणसाला हा प्रश्न विचारताना आणखी एक गोष्ट आठवावी लागते. त्याच मंगळवेढ्यात १३३८ साली गावकुसाचं बांधकाम अंगावर कोसळून चोखोबा गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला नेल्या. समाधी कुठं आहे? महाद्वारासमोर, पायरीपाशी. बाहेर. त्यानंतर सहाशे नऊ वर्षं चोखोबांच्या माणसांना ती पायरी ओलांडता आली नाही. १९४७ साली दार उघडलं तेव्हा प्रल्हाद शिंदे तेरा-चौदा वर्षांचे होते. आणि आज त्याच गावातून निघालेला आवाज त्या देवळाभोवती, दर्शनबारीत, चंद्रभागेच्या वाळवंटात दिवसभर घुमत असतो.

अँडरसनबाईंना हॉल मिळाला नाही, म्हणून त्या पायऱ्यांवर गायल्या. चोखोबांना देऊळ मिळालं नाही, ते पायरीशी राहिले. दोन्हीकडे पायऱ्या आहेत म्हणून मला दोन्ही गोष्टी एक आहेत असं म्हणायचं नाही. वर्ण आणि जात यांत फरक आहे. तिथं रंग डोळ्यांना दिसतो, इथं आडनाव विचारावं लागतं. पण आपण ते विचारतोच ना?

एक विनंती करतो आणि थांबतो. गेल्या आषाढीला मी आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांना विचारलं, हे गाणं सकाळी लावलंय ते कुणी गायलंय? म्हणाले, कुणीतरी जुना भजनी आहे. मी नाव सांगितलं. ते जरा थांबले. मग म्हणाले, "अस्सं? वाटलं नव्हतं." काय वाटलं नव्हतं, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. त्यांनी गाणं बंद केलं नाही, हे सांगायला हवं. आवाज कमी मात्र केला.

तेव्हा येत्या आषाढीला घरात ते गाणं लागलं की पोरांना नाव सांगा. प्रल्हाद शिंदे, मंगळवेढा. आणि विठाबाईंबद्दल बोलायची वेळ आली तर बाळंतपण पहिल्यांदा सांगू नका. आधी म्हणा, त्या गायच्या.